लेओकादियाचं मागणं

लेओकादिया मठातून परत आली तेव्हा बसथांब्यावर तिला आणायला मी एकटीच गेले होते. तिचा धाकटा भाऊ नोवातुस माल घेऊन सीमेपलीकडे युगांडात गेला होता. त्याची बायको कोकुगोंझा म्हणाली, "देवाच्या घरी दिलेली बाई परत येते, म्हणजे माणसानं काय समजायचं? मी नाही जायची. लोक मलाच विचारत बसतील."

बसमधून पत्र्याची पेटी आधी उतरली, मागून ती. अंगावर मठातला झगा नव्हता, कुणीतरी दिलेला फुलाफुलांचा कांगा गुंडाळला होता. गालांची हाडं वर आलेली. तिची छाती बिघडली होती. दगडी खोल्या, पहाटेची उपासना, दोन पावसाळे सतत खोकला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की हिला घरी पाठवा.

मला रडू आवरेना. ती म्हणाली, "केमिलेंबे, तू कशाला रडतेस?"

"तू रडत नाहीस म्हणून."

"ज्याच्यासाठी गेले होते तो काय मठाच्या भिंतीत चिणलाय?" ती म्हणाली. "चल, पेटीची एक बाजू धर."

आम्ही दोघी एकाच वर्षी प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतलेल्या. ती मठात गेली, मी लग्न केलं. माझा नवरा इदी अमीनच्या लढाईत गेला, तेव्हापासून मी घराच्या ओसरीवर शिवणयंत्र टाकून बसते. आमचं गाव बुकोबा शहराच्या वरच्या अंगाला, टेकडीवर. खाली सरोवर, वर केळीच्या बागा, आणि बागांमधून घरं. इथं बाग म्हणजे सगळं. जेवण तिथलं, दारू तिथली, आणि मेल्यावर पुरतातही तिथंच, घराशेजारी, केळींच्या बुंध्यांमध्ये.

नोवातुसनं बहिणीला बागेच्या कडेला एक खोली बांधून दिली. आमच्या गावात बाईला दोनच जागा, नवऱ्याचं घर नाहीतर मठ. लेओकादिया दोन्हीकडची नव्हती. पोरं तिला "अर्धी सिस्टर" म्हणायची. ती हसायची. सकाळी ओढ्यावरून पाणी आणायची, भावजयीसोबत केळी सोलायची, घेवडा निवडायची, दुपारी माझ्या ओसरीवर काजं करायला बसायची. आणि हे सगळं करताना ती एका वेगळ्याच तऱ्हेनं गप्प असायची. रागातली माणसं गप्प असतात तसं नाही. आतल्या खोलीत पाहुणा निजलाय म्हणून घरातली बाई हळू वावरते ना, तसं.

एकदा मी विचारलं, "मठात शिकवतात का गं हे?"

"शिकवत कुणी नाही. जुन्या सिस्टर असतात, त्यांच्याकडे बघून येतं. श्वास आत घेताना 'मु', सोडताना 'कामा'." मुकामा म्हणजे प्रभू, आमच्या जुन्या राजालाही आम्ही हेच म्हणायचो. "काही दिवसांनी तो शब्दही गळून पडतो. मग नुसतं असायचं. तो असतो, आपण असतो. केळं सोलायचं असेल तर केळं सोलायचं."

"एवढंच?"

"एवढंच. सोपं नाही पण."

असं करत दर गुरुवारी दुपारी आम्ही चार-पाच बायका तिच्या खोलीत बसायला लागलो. जमिनीवर ताजं गवत अंथरलेलं असायचं. चहाचं दुकान चालवणारी अद्वेंतिना पहिल्या दिवशी पाच मिनिटांत घोरायला लागली. जागी झाली तशी ओशाळली. "मला नाही जमायचं गं. डोळे मिटले की झोपच लागते."

"झोप की. त्याच्याच अंगणात झोपतेस ना?" लेओकादिया म्हणाली.

"बरं, पण माझ्या देउसदेदितला शाळेत नोकरी लागू दे, एवढं तरी त्याच्या कानावर घालू ना?"

"इथं नको. इथं काही मागायचं नाही. बाकीचा आठवडाभर सांगतेसच की. एवढा वेळ त्याला जरा निवांत बसू दे."

आम्ही इतक्या हसलो की कोकुगोंझा बाहेरून डोकावून गेली.

त्या वर्षातलं एक सांगते. मी एका लहान मुलीच्या झग्याला बाही लावत होते. पाय यंत्रावर हलत होता, सुई वरखाली होत होती, आणि एकदम मला जाणवलं की काहीच कमी नाही. नवरा आठवला, त्याचं प्रेतही मला पाहायला मिळालं नव्हतं, तरी दुःख झालं नाही. जणू तो कुणाच्या तरी हातात सुखरूप होता आणि तोच हात माझ्या पाठीवर होता. बाही पूर्ण होईपर्यंत ते टिकलं. धावत जाऊन लेओकादियाला सांगितलं. ती म्हणाली, "छान. आता ते पुन्हा व्हावं म्हणून मागं लागू नकोस." तिचे डोळे मात्र भरून आले होते. तिला ते रोज होत असावं, असं मला तेव्हा वाटलं.

नोवातुस युगांडातून शेवटचा परत आला तो आजारी होऊनच. आधी ताप, मग जुलाब थांबेनात, मग तोंडात पांढरे चट्टे, पाणी गिळतानाही तो कळवळायचा. आमच्या गावात असा तो पहिला नव्हता. रोगाचं नाव कुणी घेत नव्हतं, पण मी शिंपीण. मला आधी कळायचं. त्या वर्षी गावातले तरुण पुरुष माझ्याकडे कपडे आत घ्यायला आणत होते. पँट कंबरेत दोन बोटं आत, मग चार बोटं. पुढं त्यांच्या बायका ते कपडे घेऊन येत. मग कुणीच येत नसे.

लेओकादियानं भावाची सगळी सेवा अंगावर घेतली. कोकुगोंझा पोटुशी होती, तिला ओढ्यापर्यंत चालवतही नव्हतं. दिवसातून कितीदा तरी त्याला पुसायचं, खालचं गवत बदलायचं, फडकी धुवायची. मी धुवायला मदत करत असे. एकदा ओढ्यावर कोकुगोंझानं विचारलं, "वन्सं, तुम्हाला किळस येत नाही?"

"येते."

"मग?"

"किळस येते आणि तोही येतो. दोघं बरोबरच येतात. मी कुणालाच हाकलत नाही."

कोकुगोंझा माझ्याकडे बघून पुटपुटली, "ही बाई माणसात नाही." पण त्या दिवसापासून ती नणंदेला आधी जेवायला वाढू लागली.

एका दुपारी मी नोवातुसचा सदरा लहान करून घेऊन गेले. तो भिंतीला टेकून बसला होता. लेओकादिया त्याच्या पायाला तेल लावत होती, नेहमीसारखी गप्प.

तो म्हणाला, "अक्का, तू माझ्यासाठी देवाकडे काय मागतेस?"

तिचा हात थांबला. "मी तुझ्याजवळ बसते. त्याच्याजवळ बसते."

"म्हणजे मागत नाहीस."

"नोवातुस, त्याला माहीत नाही असं मी काय सांगणार?"

"बाजारात केळीच्या घडासाठी भांडतेस!" त्याला बोलताना धाप लागत होती. "घडासाठी! आणि माझ्यासाठी तुझ्या तोंडून शब्द निघत नाही? मी तुला खोली बांधून दिली. सगळं गाव हसलं तरी दिली. मला पोर होणार आहे. एकदा माग ना, अक्का. तुझं तो ऐकेल. तुझं नाही तर कुणाचं ऐकेल?"

लेओकादियाचा चेहरा राखेसारखा झाला. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा नवरा जिवंत होऊन असा समोर बसला असता तर मीही हेच म्हटलं असतं.

ती उठली, हात पुसले, गवतावर गुडघे टेकले आणि मागायला लागली. तिचा आवाज एवढा मोठा असेल हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही मेलेल्या माणसावर रडतो त्या सुरात ती जिवंत माणसासाठी मागत होती. "याला ठेव. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. छाती घेतलीस, मठ घेतलास, मी हूं का चूं केलं नाही. हा एक ठेव." कोकुगोंझा दारात येऊन उभी राहिली आणि तीही रडायला लागली. नोवातुस मात्र शांत झाला होता. बऱ्याच महिन्यांत तसा झाला नव्हता.

आणि त्याचा ताप उतरला.

दोन दिवसांनी त्यानं पानात वाफवलेली केळी खाल्ली. जुलाब थांबले. नाकतोड्यांचा मोसम होता, आम्ही त्यांना सेनेने म्हणतो. "तळलेले सेनेने खावेसे वाटतात," म्हणाला आणि बशीभर खाल्ले. काठी टेकत बागेच्या टोकापर्यंत जाऊन आला. मी लेओकादियाचा चेहरा पाहिला. त्यावर आनंद होता, आणि लाजही. लग्नाच्या दिवशी मुलीच्या तोंडावर असते तशी. आयुष्यभर ज्याच्याशी काही न मागता राहिली, त्याच्याकडे मागितलं आणि त्यानं दिलं. ती मला म्हणाली, "केमिलेंबे, मीच मूर्ख होते का गं? त्याला मागितलेलं आवडत असेल, आणि मी इतकी वर्षं..."

गावात बातमी लपते कुठं? लोक आपापली आजारी माणसं घेऊन आले. कुणी सायकलवर बसवून, कुणी चटईत घालून. अंगण भरलं. अद्वेंतिना तिच्या देउसदेदितला घेऊन आली. मास्तरची नोकरी त्याला लागली होती, आणि पहिल्याच सत्रात तो आजारी पडला होता.

लेओकादिया म्हणाली, "अगं, हे माझ्या हातात नाही. इस्पितळात ने."

"इस्पितळातून परत पाठवलंय. काही मागू नका म्हणणारी तूच ना? आणि तुझ्या घरावर वेळ आली तेव्हा मागितलंस. आता माझ्यासाठी माग. मीही तुझ्या खोलीत वर्षभर बसलेय."

लेओकादियानं मागितलं. देउसदेदितसाठी मागितलं, चटईतल्या बाईसाठी मागितलं, सगळ्यांसाठी मागितलं. आठवडाभर ती त्या अंगणात माणसामाणसाशी गुडघे टेकत होती. तिचा आवाज बसला, खोकला वाढला, तरी थांबली नाही. फादर औदाक्स येऊन पाहून गेले. ते म्हातारे होते, भले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "केमिलेंबे, हिला सांभाळ. मला भीती वाटते." कशाची ते त्यांनी सांगितलं नाही.

नोवातुस पुन्हा पडला तो एकदमच. ताप डोक्यात गेला, माणसं ओळखेना, आणि रविवारी मिस्सा सुटायच्या सुमारास गेला. अंगणात आजारी माणसं तशीच बसून होती. कोकुगोंझाची किंकाळी आली तशी ती एकेक करून उठू लागली. ज्यांना उठवत नव्हतं त्यांना त्यांच्या माणसांनी उचललं. नोवातुसला झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून बागेत पुरलं. देउसदेदित त्यानंतर थोड्याच दिवसांनी गेला.

अद्वेंतिनाला भेटायला आम्ही दोघी गेलो. ती चुलीपाशी बसली होती. लेओकादिया दारातच गुडघ्यांवर बसली. अद्वेंतिनानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मोठ्या बाईला म्हणतात तसं 'मा' म्हणत ती बोलली, "तुझं काही चुकलं नाही, मा लेओकादिया. तू नुसती बाई आहेस. मीच विसरले होते." आणि दूध उतू जात होतं ते उतरवायला उठली. गुरुवारी ती आली नाही. बाकीच्याही आल्या नाहीत. मी गेले.

आम्ही दोघी गवतावर बसलो. थोड्याच वेळात लेओकादियानं डोळे उघडले.

"काय झालं?"

"होत नाही," ती म्हणाली. "डोळे मिटले की माझाच आवाज ऐकू येतो. याला ठेव, याला ठेव. आधी तिथं शांत होतं. कुणीतरी असल्यासारखं शांत. आता मी आहे आणि माझं ओरडणं आहे. दुसरं कुणी नाही तिथं."

"दमलीस तू. थोडे दिवस जाऊ देत."

"मी त्याला नाव ठेवत नाही. त्यानं दिलं नाही याचंही काही नाही. पण मी मागितलं तेव्हा मी त्याच्याकडे पाहत नव्हते, केमिलेंबे. नोवातुसकडे पाहत होते. आणि परत वळले तर तिथं कुणी नव्हतं. आता मला असं वाटतं की आधीही नसेल. मीच इतकी गप्प होते की मला कुणीतरी आहेसं वाटलं."

मला माझी ती बाही आठवली. सांगावंसं वाटलं, की नाही, मलाही झालं होतं, तेव्हा तिथं होतं कुणीतरी. पण मीही किती वेळा पुन्हा त्याच यंत्रावर बसले होते आणि नुसत्या बाह्या शिवल्या होत्या.

कोकुगोंझाला मुलगी झाली. बाळ जेमतेम महिनाभर जगलं. मग कोकुगोंझालाही तेच चट्टे, तेच जुलाब. लेओकादिया पुन्हा पुसायला, धुवायला लागली, त्याच फडक्यांनी, त्याच ओढ्यावर. हात तसेच चालत होते, पण आता ती कामं लवकर उरकायची. भांडी आपटायची. पूर्वी कधी आपटली नव्हती.

शेवटी शेवटी कोकुगोंझा म्हणाली, "वन्सं, भावासाठी मागितलंत. माझ्यासाठी नाही मागणार?"

लेओकादियानं गुडघे टेकले. तोंड उघडलं. मी तिथंच होते, उशी बदलत होते. ओठ हलले, पण शब्द फुटेना. असा किती वेळ गेला कोण जाणे. कोकुगोंझा वाट पाहत होती. मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "राहू दे," म्हणाली. "मी सूनच शेवटी."

त्यानंतर ती नणंदेशी बोलली नाही. मरेपर्यंत बोलली नाही. लेओकादिया तिला भरवायची, ती तोंड उघडायची, एवढंच.

सुतक संपताच नोवातुसचे काका ता रवेगासिरा, 'ता' म्हणजे बाबा, कुळातल्या दोन पुरुषांना घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, हळू आवाजात बोलत होता. "बाग कुळाची आहे, पोरी. मुलगा असता तर गोष्ट वेगळी होती. तुला आम्ही देवाला दिली होती, तुझा हिस्सा तेव्हाच संपला."

"मला बाग नको, काका. खोली राहू द्या. त्यांच्या थडग्यांजवळ कुणी हवं ना."

"खोलीत माझ्या धाकट्याचं बिऱ्हाड येणार आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू मठात परत का जात नाहीस? तुझी जागा तीच."

ती गेली. मीच तिला बसमध्ये बसवून दिलं. खरं सांगायचं तर तिला निरोप देताना माझ्या मनात आशा होती. वाटलं, तिथं जुन्या सिस्टर आहेत, त्या गप्प खोल्या आहेत. तिचं हरवलेलं तिथं कुणाला तरी सापडेल.

चौथ्या दिवशी ती परत आली. मठप्रमुख बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले होते म्हणे. नव्या होत्या, हिला ओळखत नव्हत्या. म्हणाल्या, "सिस्टर, तुमची छाती... आणि तुम्ही त्या रोग्यांत राहिलात. इथं तरुण मुली आहेत. त्यांच्या आईबापांना आम्ही काय सांगायचं?" तिला प्रार्थनागृहात थोडा वेळ बसू दिलं, जेवू घातलं, रस्त्यासाठी शिदोरी बांधून दिली. मी विचारलं, "प्रार्थनागृहात काही...?"

"ओली भिंत बघत होते," ती म्हणाली. "अजून तिथंच गळतंय."

तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. मागच्या पडवीत तिची चटई. सकाळी केळी सोलते, दुपारी काजं करते. काजं अजूनही गावात सगळ्यात चांगली तिचीच. रविवारी मिस्सेला येते, मागच्या बाकावर बसते, प्रसाद घेते. मी एकदा विचारलं, "मग घेतेस कशाला?" तर म्हणाली, "घेतलं नाही तर फादरना वाईट वाटेल. म्हातारे झालेत." गुरुवारी दुपारी मी अजून डोळे मिटून बसते, ओसरीवरच, यंत्राशी. ती बघते. मला काही होत नाही. पूर्वी एकदा झालं होतं, एवढंच माहीत आहे, आणि तेही आता दुसऱ्या कुणाचं सांगितल्यासारखं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात खालच्या कोळीवाड्यातून एक बाई चढून आली. पाठीला मूल बांधलेलं, चार-पाच वर्षांचं असेल, मान एका बाजूला पडलेली. तिनं माझ्यापुढं गुडघे टेकून नमस्कार केला. "मा, इथं एक बाई राहतात ना? प्रार्थना करणाऱ्या. त्यांच्या मागण्यानं मेलेला भाऊ उठून चालायला लागला होता."

मी लेओकादियाकडे पाहिलं. ती परडी मांडीवर घेऊन केळी सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"ती इथं राहत नाही," ती म्हणाली.

"कुठं गेल्या?"

"माहीत नाही."

बाई गोंधळली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी यंत्राकडे. मग मीच उठून तिला पाणी दिलं, मुलाच्या ओठाला लावलं. इस्पितळाची वाट सांगितली. बाईला ती माहीतच होती. तिनं कांगा पुन्हा घट्ट बांधला आणि उतरणीला लागली. उतरण निसरडी होती. ती एका हातानं केळीचे बुंधे धरत, दुसरा हात पाठीमागं मुलाखाली देऊन, आडव्या पावलांनी उतरत राहिली.

लेओकादियानं सोललेली केळी पातेल्यात टाकली, वर घेवडा घातला, पाणी ओतलं आणि झाकण ठेवून चूल फुंकायला बसली. फुंकताना तिला खोकल्याची उबळ आली. मी उठले आणि तिच्या हातातली फुंकणी घेतली.